दुसऱ्याचा खुंटा

आमच्या ओट्यावर चहा प्यायला बसलं की कंपनीच्या बसमधला खिडकीतला माणूस आमच्या बशीत बटर आहे की खारी, ते सांगू शकतो. इतका तो रस्ता घराला लागून आहे. मुळात तो बैलगाड्यांसाठी झाला. आता त्यावरून बोईसरच्या कारखान्यांचे टँकर जातात, पाळी सुटली की कामगारांच्या बस जातात, बर्फाचे आणि मासळीचे टेम्पो जातात, सुट्टीच्या दिवशी समुद्र बघायला निघालेल्यांच्या गाड्या जातात. गावदेवीच्या देवळापाशी रस्ता असा चिंचोळा होतो की समोरासमोर आलेल्या दोघांपैकी एकाला मागे जावंच लागतं, आणि मागे जायला कुणीच तयार नसतं. मग ड्रायव्हर खाली उतरतात, आरसे मिटतात, हिंदीत एकमेकांचा उद्धार करतात. तेवढ्यात आमच्या घराचा कोपरा आणखी थोडा घासला जातो.

सगळा दोष वाहनांवर ढकलायचा म्हटलं तर ढकलता येईल, पण ते खरं होणार नाही. गाव वाढलं. कारखान्यात कामाला आलेल्या परप्रांतीय पोरांना खोल्या हव्या होत्या आणि आम्हाला भाडं. ज्याने त्याने ओटा बंद करून खोली काढली, मग खोलीला पायरी, पायरीवर पत्रा. असा रस्ता दोन्ही बाजूंनी खात खात आम्ही तो उरलाय तेवढा ठेवला. आमच्याही घराला एक खोली आहे. तिच्यात बिहारकडचे दोघे भाऊ राहतात, आणि त्यांची मोटारसायकल रस्त्यावरच उभी असते.

गावाला बायपास हवा, यावर मात्र गावात दुमत नव्हतं. वस्तीच्या मागून, समुद्राच्या अंगाने, खाडीवर एक मोरी टाकून पलीकडे तारापूरच्या रस्त्याला मिळणारा रस्ता. नकाशाची गरज नव्हती, लहान पोरानेही काठीने वाळूत तो काढून दाखवला असता. पालघरला सरकारी कचेऱ्यांजवळ माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. त्यामुळे गावाचे बायपासचे सगळे अर्ज माझ्याच हातून गेले. ‘वरील विषयास अनुसरून विनंती की’ हे मी इतक्या वेळा टाइप केलं आहे की बोटं आपोआप चालतात. मंडळी अर्ज घेऊन साहेबांना भेटून यायची आणि माझ्या दुकानात चहा पिऊन, ‘या वेळी होणार’ असं सांगून एसटीला जायची. दर वेळी मला खरं वाटायचं, हा माझा स्वभाव.

हा बायपास जायचा होता तो आमच्या खळ्यावरून. खळं म्हणजे मासळी सुकवायची मोकळी जागा. वस्ती संपते आणि वाळू सुरू होते तिथे ते पसरलेलं आहे. बांबू रोवून, त्यांना आडव्या दोऱ्या ताणून वलांडी बांधायची आणि तिच्यावर बोंबील टांगायचे. खाली सारवलेल्या जमिनीवर जवळा आणि मांदेली पसरायची. कोणत्या घराची जागा कोणती, हे कुठल्याही कागदावर नाही. पण आईला झोपेतून उठवून विचारलं तरी तिने आपली हद्द चालून दाखवली असती. आई आणि माझी काकी, दोघी सख्ख्या जावा, तिथे शेजारी शेजारी बसायच्या. वडील गेले, पुढे काका गेले, होड्या विकल्या गेल्या. तरी दुसऱ्यांच्या होड्यांवरची ओली मासळी विकत घेऊन, सुकवून, बोईसरच्या बाजारात विकायचं काम या दोघींनी सोडलं नाही. त्यातूनच मी शिकले.

एका हिवाळ्यात सकाळी काही माणसं तिपाई, दुर्बीण आणि तांबडी-पांढरी पट्टी घेऊन खळ्यावर आली. कुणाला काही विचारलं नाही, सांगितलं नाही. दिवसभर मोजलं, एका रांगेत लाकडी खुंटे ठोकले, त्यांच्या डोक्यांना तांबडा रंग फासला आणि जीपमध्ये बसून निघून गेली. संध्याकाळी मी दुकान बंद करून घरी आले, तर आई आणि काकी डोक्यावर वलांडीचे बांबू घेऊन खळ्यावरून परत येत होत्या. त्यांच्यामागे आणखी बायका होत्या, कुणाच्या डोक्यावर दोऱ्यांची भेंडोळी, कुणाच्या टोपल्या. सगळ्या गप्प होत्या. मला वाटलं कुणी गेलं की काय.

“काय झालं?” मी विचारलं.

“खुंटे ठोकलं,” काकी म्हणाली. “जागा गेली.”

हे समजायला आमचा समुद्र थोडा सांगायला हवा. आमच्याकडे डोल जाळ्याची मासेमारी. जाळं मोठ्या पिशवीसारखं, भरती-ओहोटीच्या ओढीत तोंड उघडं ठेवून उभं राहणारं. त्याला धरून ठेवायला समुद्राच्या तळात लांबच लांब खुंटे ठोकायचे. ज्याचा खुंटा जिथे, ती जागा त्याची. आजोबापणजोबांपासून त्याची. पाण्यावर कुंपण घालता येत नाही, पहारा ठेवता येत नाही, म्हणून हा एकच नियम आणि तो सगळ्यांनी पाळायचा. दुसऱ्याच्या खुंट्याला हात लावायचा नाही. त्याची होडी त्या वर्षी आली नाही तरी लावायचा नाही. या गोष्टीवरून समुद्रात डोकी फुटलेली आहेत, त्यामुळे बायकाही हा नियम लहानपणापासून शिकतात.

सरकारने जमिनीवर ठोकलेले ते वीतभर खुंटे आमच्या बायकांनी असेच वाचले. घाबरून नव्हे. नियम म्हणून. मी कपाळावर हात मारला. आईला समजावलं, ही फक्त मोजणी आहे, आज मोजतात, मग फाइल फिरते, मग पैसे यावे लागतात, माझं अर्धं आयुष्य त्या कचेऱ्यांच्या दारात गेलंय, मला ठाऊक आहे. रस्ता येईपर्यंत बसा की तिथेच.

“दुसऱ्यानं खुंटा ठोकलाय तिथं,” आई म्हणाली. “आमी कोनाच्या खुंट्याला हात लावत नाय, ना खुंट्याच्या आत जाळं टाकत.”

“अगं, हे जाळं आहे का?”

“तुला नाय कळायचं. तू कचेरीतली.”

कचेरीच्या बाहेर पत्र्याच्या टपरीत बसते मी, कचेरीत नव्हे. पण आईपुढे कोण बोलणार.

खळं सोडल्यावर मासळी गेली कुठे? रस्त्यावर. वलांड्या घराघरांच्या फटींमध्ये उभ्या राहिल्या आणि जवळा डांबराच्या कडेला पसरला जाऊ लागला. डांबर तापतं, जवळा लवकर सुकतो, वाळू लागत नाही, असंही बायका एकमेकींना सांगू लागल्या. माणूस कशातही बरं शोधतो. जो रस्ता आधीच पुरत नव्हता, त्याच्या दोन्ही कडा आता मासळीने धरल्या. बस आणखी अडकू लागल्या, ड्रायव्हर आणखी ओरडू लागले. ज्या रस्त्यासाठी हे खुंटे ठोकले होते त्याची गरज त्या खुंट्यांनीच वाढवली, आणि रस्ता काही आला नाही. खळ्यावर बाभळी उगवल्या. कुणीतरी तिथे घराचा पाडलेला राडारोडा टाकला. खुंट्यांचा तांबडा रंग उडाला, तरी बायका त्यांना वळसा घालून जायच्या.

आईचा डावा कान याच काळात गेला. आधी कमी येत होतं, मग काहीच येईना. उजव्यालाही जवळचं तेवढंच ऐकू यायचं. ती जवळा पसरायला बसायची तर डावा कान रस्त्याकडे. माझा जीव टांगणीला. मी म्हणायचे, तोंड फिरवून बस, तर म्हणायची, मग डोळ्यांवर ऊन येतं. काकी तिच्या त्या बाजूला बसायला लागली. वाहन आलं की काकी आईच्या मांडीवर चापट मारायची आणि दोघी पाय आत घ्यायच्या. इतकी सवय झाली होती की बोलणं न तोडता त्या पाय आत घ्यायच्या. कुणाची सून कशी, कुणाच्या पोराचं जुळलं, हे मध्येच न थांबता चालू असायचं. मी त्या दोघींवर चिडायचे, हसायचेही.

काकी गेली ती अशीच एका सकाळी. एक टँकर बसला वाट द्यायला मागे येत होता. आई पाणी प्यायला घरात आली होती. मी दुकानाला निघायच्या तयारीत वेणी घालत होते. काकी कडेचा जवळा हाताने उलटा करत होती, टँकरकडे पाठ करून. ओरडा ऐकून मी धावले. आईला ओरडा ऐकू आला नाही. ती पेल्यातलं उरलेलं पाणी तुळशीला घालून सावकाश बाहेर आली, आणि समोर लोक का उभे आहेत म्हणून मलाच विचारू लागली. त्या क्षणाबद्दल मी याहून जास्त लिहू शकत नाही.

काकीला दुपारी उचललं. आमच्याकडे घर आणि मसणवट यांच्या मध्ये विसाव्याची जागा असते. तिथे तिरडी खाली ठेवायची, खांदेकऱ्यांनी बाजू बदलायच्या, मेलेल्याला घराकडे एकदा शेवटचं पाहू द्यायचं आणि मग पुढे जायचं. आमच्या गावाचा विसावा देवळापाशी आहे, बरोबर त्या चिंचोळ्या जागी. बायका आमच्यात तिथपर्यंतच जातात. तिरडी खाली ठेवली तेव्हा मागे बस होती, पुढे टेम्पो. बसच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला नाही, उलट इंजिन बंद केलं, हे मला आठवतं. पण त्याच्या मागच्यांना काय चाललंय ते दिसत नव्हतं. ते वाजवत राहिले. काकीच्या मुलाने कपाळ जमिनीला टेकलं तेव्हाही वाजत होतं. माणसांनी घाईघाईने बाजू बदलल्या आणि तिरडी उचलली. तिला घराकडे नीट बघूही दिलं नाही आम्ही. आई एकटीच शांत होती, कारण तिच्या उजव्या कानावर मी डोकं टेकून रडत होते आणि तिला काहीच ऐकू येत नव्हतं.

दहावं-बारावं झाल्यावर मी कचेरीत गेले. या वेळी कुणाचा अर्ज घेऊन नाही, स्वतःहून. ओळखीच्या एका साहेबांनी चौकशी करून सांगितलं. ते खुंटे नुसत्या पाहणीचे होते. दोन-तीन मार्ग सुचवले होते, त्यांपैकी हा एक. ती पाहणी केव्हाच बाजूला पडली. ते खुंटे आता कुणाचेच नाहीत, उपटून टाकले तरी हरकत नाही, साहेब म्हणाले, आणि चहा मागवू का असंही विचारलं. माणूस वाईट नव्हता. त्यांना काय कल्पना.

हे आईला सांगावं की नाही, याचा एसटीत बसून विचार केला. मग सांगितलंच. तिच्या उजव्या कानाशी, मोठ्याने, दोनदा.

तांदूळ निवडता निवडता तिने सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, “म्हंजे खुंटा कोनाचाच नव्हता?”

“नव्हता.”

“मग आमी रस्त्यावर कशापायी बसलो? ती कशापायी मेली?”

चूक कुणाची म्हणायची? ठोकणाऱ्यांनी सांगितलं नाही, यांनी विचारलं नाही. समुद्रात जे शहाणपण म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं त्याने जमिनीवर माझी काकी नेली, हे मला अजून गिळता येत नाही.

आईने फक्त एवढंच पक्कं करून घेतलं, की खुंटा सोडला असं ठोकणाऱ्यांच्याच माणसाने सांगितलं का. हो म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी ती खळ्यावर गेली. नारळ वाढवला आणि आपल्या आणि काकीच्या जागेतले खुंटे हलवून हलवून उपटले. मी मदतीला हात पुढे केला तर नको म्हणाली. तिचं बघून इतर बायकाही आल्या. बाभळी तोडल्या, राडारोडा उचलायला आमचे भाडेकरू दोघे भाऊ सुट्टीच्या दिवशी राबले. त्या मोसमात खळ्यावर पुन्हा वलांड्या उभ्या राहिल्या. आई उन्हाला पाठ देऊन बसायची, डावीकडे काकीची मोकळी जागा ठेवून. समुद्रावरचा वारा बोंबलांतून जायचा. मला दुकानात बसल्या बसल्या, आत्ता आई कुठे असेल, असा धसका घ्यावा लागत नव्हता. रस्त्याच्या कडाही थोड्या मोकळ्या झाल्या. मी तर म्हणायला लागले होते की बायपास नको, काही नको, आहे तेच राहू दे.

पण रस्ता थोडाच तेवढ्यावर थांबणार. टँकर वाढतच होते. शाळेतली एक मुलगी सायकलवरून पडली आणि थोडक्यात वाचली. गावाने पुन्हा अर्ज केला, मी पुन्हा टाइप केला. आणि खरंच मंजुरी आली.

या वेळी आलेला मोजणीवाला तरुण होता, घाटावरचा, बोलायला मऊ. त्या दिवशी दुकान बंद होतं म्हणून मी घरी होते. तो खळ्यावर आला तेव्हा आई बोंबील उतरवत होती.

“आजी, जरा बाजूला होता का? इथून रेषा जाते.”

“कसली?” आईने मला विचारलं. मी कानात सांगितलं.

ती उठून त्याच्यासमोर उभी राहिली. “या खेपेला खरंच करनार? की खुंटा ठोकून जानार?”

“मंजूर झालाय, आजी. होणार.”

“कधी?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. “ते माझ्या हातात नाही,” तो म्हणाला. मला त्याचा तेवढा खरेपणा आवडला. मग त्याला वाटलं असावं की म्हातारी अडवणार, म्हणून त्याने हळूच जोडलं, “जागा तशी सरकारी आहे. तुमची संमती लागत नाही. पण तुमचं काही म्हणणं असेल तर मी लिहून घेतो.”

मी ते आईच्या कानात सांगितलं नाही. आईने वळून काकीच्या जागेकडे पाहिलं. मग त्याच्या माणसाने जिथे खूण केली होती तिथे ती खाली बसली, आणि त्याच्या हातातून खुंटा घेऊन दोन्ही हातांनी सरळ उभा धरला.

“मार,” ती म्हणाली.

तो माणूस हातोडा घेऊन तसाच उभा. “हाताला लागेल, आजी.”

“नाय लागत. मार तू.”

मोजणीवाल्याला वाटलं म्हातारी मदत करतेय. तो हसून ‘बरं, मार’ म्हणाला. मी मात्र ओळखलं, कारण समुद्रात जागा अशी देतात. भावाला, जावयाला आपली जागा द्यायची असली की जुना मालक होडीवर उभा राहून स्वतःच्या हाताने खुंटा धरतो आणि घेणारा ठोकतो. वडिलांनी आपली जागा काकांना अशीच दिली होती. त्यानंतर त्या जागेवर बोलायचं काही उरत नाही. तिच्या नावावर नसलेली, कधीच नसलेली जागा आई सरकारला देत होती आणि सरकारला ते कळलंही नव्हतं. घाव बसत होते तसे तिचे खांदे हलत होते. खुंटा घट्ट बसल्यावर तिने हात काढले आणि पुढच्या खुणेपाशी जाऊन बसली. आपल्या जागेतले सगळे खुंटे तिने असेच धरले, काकीच्या जागेतलेही.

त्याच संध्याकाळी ती वलांडी सोडायला लागली. मी अडवलं. म्हटलं, आता मोजणी झाली म्हणजे उद्या रस्ता होत नाही, वर्ष जाईल, दोन जातील, ते स्वतः म्हणालेत ना हातात नाही म्हणून. तोवर बस इथे. कुणी उठवणार नाही तुला. मी अक्षरशः ओरडत होते. शेजारच्या बायका थांबून बघू लागल्या.

“पयले परक्यानं ठोकला हुता,” आई म्हणाली. “आता मी दिली. दिलेल्या जागेवर कशी बसू?”

“आणि रस्त्यावर काकीसारखी तूही...”

“म्हनून तर दिली,” ती म्हणाली.

रस्ता अजून झालेला नाही. मोरीचं काम सुरू होणार असं ऐकते. मी दुकान आता उशिरा उघडते, गिऱ्हाइकं कुरकुरतात, कुरकुरू देत. सकाळी रस्त्याच्या कडेला जवळा पसरून होईपर्यंत मी आईच्या डाव्या बाजूला बसते. मागून टँकर आला की तिच्या मांडीवर चापट मारते आणि आम्ही दोघी पाय आत घेतो.